एक जूनची माणसं

१६ जून, सोम.

केनवड. लाइट दोनदा गेली. कंपनीचा सर्व्हर पुण्यात, त्याला फरक पडला नाही. मला पडला, अर्धं काम परत केलं.

दुपारी मंगला आली. शनिवारी ट्रस्टची यादी लागली, मुलींच्या वसतिगृहांवर अधीक्षिका नेमायच्या आहेत त्याची. तिचं नाव अपात्रमध्ये. कारण : वय जास्त. फॉर्म तिने माझ्याच लॅपटॉपवर भरलेला, मे महिन्यात, याच ओसरीत. आणि त्या भरतीत वय तपासणारा प्रोग्राम माझा. हे तिला माहीत आहे, म्हणूनच आली.

"अवं वर्षे, माही जन्मतारीख एक जून सत्त्याऐंशी. यंदाच्या एक जूनले अडतीसपेक्षा जास्त नको म्हन्ते. मी तं त्या दिवशी बरोबर अडतीसची. मंग जास्त कशी झाली वं?"

मी तिच्यासमोर बोटांवर मोजलं. बरोबर अडतीस. आणि तरी म्हणाले, "नियमात काही बारीक असन. मशीन चुकत नाई, मंगले."

"हाव, मशीन काहून चुकन. माह्याच मोजन्यात काही असन." चहा घेऊन गेली.

इथल्या वसतिगृहात सहा वर्षं ती स्वयंपाक करते. दुपारी भांडी झाली की त्याच ओट्यावर वही ठेवून बी.ए. केलं. पुढच्या वर्षी वय खरंच जास्त होईल. म्हणजे ही शेवटची भरती होती. तपासायला मला पाच मिनिटं लागली असती, आणि मी तिला मशीनचं प्रवचन दिलं.

१७ जून, मंगळ.

तपासलं.

अपात्रमध्ये 'वय जास्त' वाले बरेच, त्यातले बहुतेक खरंच जास्त वयाचे. पण एकोणीस बायका अशा की सगळ्यांची जन्मतारीख एकच. १ जून १९८७. एकोणीस. आधी वाटलं डेटा डबल झालाय. नाही. गावं वेगळी, आडनावं वेगळी. मग लक्षात आलं. आपल्याकडे कोणाला खरी तारीख माहीत होती? शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लिहून मोकळे. अर्धा तालुका एक जूनचा.

आणि माझा प्रोग्राम त्या एकोणीस जणींना ३१ मेच्या समजतोय.

कसं, ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला दुसरंच काही सांगणार नाही. फॉर्मची बाजू ऑफिसातल्या परागची, पुण्यात, जावास्क्रिप्टमध्ये. बाईने १ जून निवडला की त्याचा प्रोग्राम तो 'एक जूनच्या रात्री बाराचा ठोका' असा धरतो, भारतातला. पाठवताना तो ग्रीनिचच्या घड्याळात बदलून पाठवतो. आपल्याकडे एक जूनचे रात्रीचे बारा, तेव्हा तिकडे एकतीस मेचे संध्याकाळचे साडेसहा. तर माझ्याकडे येतं ते १९८७-०५-३१, पुढे T, पुढे साडेसहा. माझी बाजू पायथनमध्ये. मी काय केलं? पहिली दहा अक्षरं कापून घेतली आणि बाकी फेकून दिलं. जन्मतारखेला वेळ कशाला हवी.

खरं तर सगळ्याच उमेदवार माझ्याकडे एकेक दिवस मोठ्या झाल्या होत्या. पण एका दिवसाने बिघडलं फक्त काठावरच्यांचं. आणि परागची स्क्रीन तीच वेळ परत भारतीय करून दाखवते, त्यामुळे छापील अर्जावर १ जूनच. कोणाला संशय यायचं कारण नाही.

परागसोबतचं जुनं चॅट उघडलं. फेब्रुवारी. त्याने विचारलं होतं : "ज.ता. नुसती तारीख म्हणून पाठवू की वेळेसकट?" माझं उत्तर : "काहीही पाठव रे, मी कापून घेते." पुढे हसरा चेहरा.

आक्षेप घ्यायची मुदत आज पाचपर्यंत. आत्ता पावणेबारा. मंगलाला फोन करते. आधी एकदा पूर्ण खात्री करून घेते, मग.

सव्वापाच. नाही केला.

खात्री साडेबारालाच झाली होती.

१८ जून, बुध.

कंपनीतल्या सरांना फोनवर सांगितलं. अर्धं सांगितलं. म्हटलं, तारखेच्या देवाणघेवाणीत एक बारीक दोष सापडलाय, काही जणींच्या वयात एक दिवस पडतोय.

"क्लायंटची तक्रार आहे का?"

"नाही."

"उमेदवारांची?"

"नाही अजून."

"मग दुरुस्त कर आणि पुढे चल. मुदत संपल्यावर आपण होऊन कशाला ओढवून घ्यायचं? आणि वर्षा, टेस्ट केलं नव्हतंस का?"

केलं होतं. माझ्याच ज.ता. वर. १७ फेब्रु. १९८७ टाकली, 'वय जास्त' आलं, बरोबर. वर्ष बदललं, 'पात्र' आलं, तेही बरोबर. झालं टेस्टिंग. काठावरची तारीख घालून बघायची हे कॉलेजच्या पोरांनाही ठाऊक असतं. पुण्यात असताना नव्या पोरांना मीच शिकवायचे, आव आणून.

दुरुस्ती केली. दोन ओळी. अकराच्या मीटिंगच्या आत झाली.

२० जून, शुक्र.

मंगलाकडे गेले. कशाला गेले? सांगायला. विहाराच्या मागची गल्ली, तिच्या दारापर्यंत वाक्य तयार होतं.

तिच्या सासूबाई दारातच म्हणाल्या, "ये वं गुरुजीची पोरगी. हिले सांग जरा. वय निघून गेलं, आता अभ्यासाची कायची हौस?" मंगलाने अभ्यासाच्या वह्या बांधून ठेवल्या होत्या, पुसदच्या भाचीला देणार म्हणे. मला बसवलं, भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. मी खाल्ली. दुसरी भाकर पण घेतली.

निघताना म्हणाली, "तू नको मनाले लावून घेऊ. तुह्या हातात का होतं?"

घरी येऊन बराच वेळ हात धूत बसले. काय नाटकीपणा. बोलायचं होतं तेव्हा तोंड भाकरीने भरलेलं होतं.

२१ जून, शनि.

बाबांना विचारलं. सरळ नाही, आडून. म्हटलं, तुम्ही शाळेत सगळ्यांची एक जूनच का लिहायचात?

बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर. (कमरेचं ऑपरेशन होऊन चौदा महिने. मी त्यासाठीच परत आले, असं मी सगळ्यांना सांगते.)

"मंग काय लिवू? मायले विचारलं तं माय म्हने, तूर फुलावर होती तवा झाली. आता तूर फुलावर असल्याची तारीख रजिस्टरात कोन्या रकान्यात घालू?"

"हे कोणाचं?"

"तुह्या मंगलीचंच. तिले तं सहा पुरे पन नव्हते. पटाले एक पोरगी कमी पडत होती. पट नाई भरला तं दुसरा मास्तर जात होता शाळेतून. मी म्हटलं, बसव, जूनची लिवतो."

तूर फुलावर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे मंगला खरी अजून अडतीसची झालेलीच नाही. तिचे पाच महिने बाबांनी घेतले होते, उरलेला एक दिवस मी घेतला. एकाच घराने.

मग विचारलं, "माझी बरी खरी लिहिली तुम्ही."

"तुही मले माहीत होती नं."

ते साधेपणाने बोलले. आमच्या वर्गात बत्तीस पोरं. खरी तारीख माझी, आणि पाटलांच्या घरातली दोन. विहाराकडची सगळी एक जून. मी टेस्ट केली ती या वर्गातल्या तीन सोयीच्या तारखांपैकी एकीवर, आणि मला वाटलं सगळ्यांचं तपासून झालं. मला आज स्वतःची भयंकर लाज वाटली. बाबांची पण वाटली, आणि मग बाबांची वाटली याची.

२३ जून, सोम.

मुलाखती २९ ला, रविवारी, वाशीमला. सहा दिवस.

ट्रस्टला मेल लिहिला. पाठवला नाही. मसुदा एक, दोन, तीन. पहिल्यात सगळं होतं, परागचं चॅट, दहा अक्षरं, सगळं. दुसऱ्यात चॅट काढलं. तिसऱ्यात 'मी' काढला.

कशाची भीती, ते लिही. सर. नोकरी. आणि बाबा पारावर सांगतात ते, माही पोरगी इथं बसून पुन्याचं काम करते. ते ऐकू येतं तेव्हा मला आवडतं. ही खरी भीती आहे, बाकीच्या दोन जोडीला घेतल्यात.

२४ जून, मंगळ.

काही नाही. काम केलं. दुसऱ्या कुठल्याशा प्रोजेक्टच्या तारखा तपासल्या, अगदी डोळ्यात तेल घालून. तिथे कोणाचं काही जाणार नव्हतं.

२५ जून, बुध.

तक्रार आली. इंझोरीची बाई, एकोणीसमधली. मदतकक्षाच्या पेटीत तीन ओळी, दोन दिवसांपूर्वीच्या : "मॅडम माझे वय बरोबर आहे. शाळेचा दाखला जोडला आहे. कृपया एकदा डोळ्याने पाहावे."

खाली उत्तर गेलेलं. "आपले वय प्रणालीद्वारे अचूक तपासण्यात आले आहे. धन्यवाद." तक्रार बंद.

ते उत्तर मीच लिहून ठेवलेलं आहे. मार्चमध्ये. अशा तक्रारी येतील तर मदतकक्षाच्या पोरींनी हे चिकटवावं म्हणून. 'अचूक' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, भारदस्त वाटावा म्हणून.

दाखला उघडून पाहिला. गुरुजींची सही, शिक्का, एक जून. अक्षर बाबांचं नाही, पण तसंच.

सरांनी विचारलं होतं, तक्रार आहे का. आता आहे.

२६ जून, गुरु.

सकाळी १०.०५ ला मेल पाठवला. ट्रस्टला, सरांना प्रत. एकोणीस नावं, अर्ज क्रमांक, खरी तारीख, प्रोग्रामने धरलेली तारीख. यांचं वय बरोबर आहे, यांना मुलाखतीला बोलवावं. एवढं.

वर लिहिलं : "तांत्रिक त्रुटीमुळे खालील उमेदवारांचे वय एका दिवसाने जास्त मोजले गेले." तिसरा मसुदा. वाचताना खटकलं, तरी तसाच पाठवला.

१०.२० ला सरांचा फोन.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मला न विचारता क्लायंटला मेल? उद्या ते करार मोडतील, मग तू काय एकोणीस जणींच्या घरी पोळ्या लाटायला जाणार आहेस?"

ते मग जरा खाली आले. म्हणाले, त्रुटी लिहिलंस तेवढं बरं केलंस, कोणाचं नाव नाही. त्यांनी शाबासकी दिली ती नेमकी त्याच गोष्टीची.

परागचा मेसेज : "चूक अर्धी माझी पण ना? वेळ लावून पाठवायलाच नको होती." तो चांगला मुलगा आहे. अर्धी नाही रे, तू विचारलं होतंस. असं मी त्याला लिहिलं नाही, नुसता अंगठा पाठवला. आता लिहिते. लिहिलं.

२७ जून, शुक्र.

मंगलाला सांगितलं.

वसतिगृहावर गेले. पोरी सोमवारी येणार म्हणून ती गाद्या उन्हात घालत होती. उघडीप होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, सगळं, ग्रीनिचच्या घड्याळासकट. ती झटकत होती, थांबली.

"म्हंजे मी बरोबर होती."

"हाव."

"तुले कवा समजलं?"

"मंगळवारी."

"ह्या हप्त्यातल्या?"

"नाई. सतरा तारखेच्या."

ती मनात मोजायला लागली. मला मोजू द्यायचं नव्हतं, पण थांबवणार कशी.

"सतराले पाच वाजेपर्यंत मुदत होती. तुले किती वाजता समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "पावणेबारा. खात्री झाली साडेबाराले."

"अन् शुक्रवारी माह्या घरी भाकर खाल्ली, तवा?"

"माहीत होतं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "एक दिवस मशीननं घेतला, थे मी समजू शकतो. मले तसलं काही येत नाई. पन हे दहा दिवस कोनं घेतले वर्षे? दहा दिवस मी घरी ऐकून राह्यली, वय झालं, वय झालं. अन् मले पन पटलं. रातच्याले बोटं मोजत होती मी. मले वाटे मले मोजता पन येत नाई, अन् म्हने अधीक्षिका व्हायची."

मी गादीचं दुसरं टोक धरलं, आत न्यायला. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि एकटीने उचलली. मोठी गादी होती.

२९ जून, रवि.

मुलाखती झाल्या असतील. एकोणीस जणींशिवाय. ट्रस्टचं उत्तर नाही.

बाबांनी विचारलं, मंगली दिसत नाई बरेच दिवस. मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "दहा दिवस लय होतात बा." दुपारभर पेपर हातात, पान उलटलं नाही.

२ जुलै, बुध.

ट्रस्टचं पत्र. निवड यादी थांबवली आहे. एकोणीस जणींच्या मुलाखती वेगळ्या घेणार, मंगळवारी ८ ला, अकरा वाजता. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणावा. आणि 'अर्ज प्रथम अपात्र का ठरला याबाबत समितीचे समाधान करावे.' समाधान कोणी करायचं? त्यांनीच. चूक माझी, आणि समाधान एकोणीस जणींनी करायचं.

सरांनी मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. पुढचं नंतर बोलू म्हणाले. परागने आता दोन्ही बाजूंसाठी नियम लिहून ठेवलाय : जन्मतारीख ही नुसती तारीख, वर्ष-महिना-दिवस, वेळ नाही, घड्याळ नाही, कोणाच्याही भाषेत तीच. चार ओळींचा नियम. फेब्रुवारीत लिहिला असता तर दोघांच्या चहाइतका वेळ लागला असता.

मंगलाला पत्राचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

४ जुलै, शुक्र.

बाबा सकाळी काठी घेऊन निघाले. कुठे, तर मंगलाकडे. ऑपरेशननंतर इतकं लांब पहिल्यांदा. मी सोबत येते म्हटलं. "तू नको," म्हणाले.

तासाने आले. घाम. पाणी प्यायले आणि आपणच सांगितलं.

"मी म्हटलं, मंगला, तुह्या दाखल्यावरची तारीख खोटी हाय, म्या लिवली. पाच महिन्यानं लहान हायस तू. मी लिहून देतो, सही करतो, काय चौकशी होईल थे होवो."

"मग?"

"हसली. म्हने, गुरुजी, आता नका बदलू. त्याच तारखेवर मंगळवारी जायचं हाय. पुन्हा एखादी तारीख आली तं थे मले घरीच पाठवतीन."

जाणार आहे म्हणजे. माझ्या मेसेजला तिने हे सांगितलं नव्हतं.

७ जुलै, सोम.

संध्याकाळी चारला मंगला आली. फाटकापाशीच उभी. मी आत, खिडकीच्या बाजूला. बाबा ओसरीत.

"गुरुजी, हे पत्र छापून पायजे होतं. मोबाइलवरचं चालत नाई म्हन्ते."

बाबांनी आत पाहिलं. मी प्रिंट काढली, पत्राची आणि सोबत माझ्या २६ तारखेच्या मेलची. बाहेर नेऊन दिली. तिने दोन्ही तिथेच वाचली, उभ्याने, बोट फिरवत. मेलवर बोट थांबलं.

"तांत्रिक त्रुटी." वर माझ्याकडे नाही, कागदाकडेच बघत. "उद्या कमिटीनं मले पुसलं, कायची त्रुटी, कोनाची, तं मी काय सांगू? मी तं सैपाकीन. मी म्हटलं मशीन चुकलं, तं थे हसतीन."

"माझं नाव सांग," मी म्हटलं.

"माह्या सांगन्याले कोन इचारते. लिहून दे."

पिशवीतून पेन काढून पुढे केलं. फाटकाच्या खांबावर कागद ठेवून त्या मेलच्या खालच्या कोऱ्या जागेत मी लिहिलं. वय तपासणारा प्रोग्राम मी लिहिला. तारीख कशी पाठवू असं मला विचारण्यात आलं होतं, मी लक्ष दिलं नाही. या बाईंचं वय पहिल्यापासून बरोबर होतं. चूक मला १७ जूनला दुपारी, मुदत संपायच्या आधी कळली, आणि मी ती कळवली नाही. पूर्ण नाव, हुद्दा, सही. खांब खरबरीत, अक्षर बाबांच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरासारखं आलं.

सर हे वाचतीलच कधीतरी. कमिटी मानेल का, माहीत नाही. जागा सात, आधीच्या मुलाखती झालेल्या. बाकीच्या अठरा जणींकडे असा कागद नाही, त्यांच्यासाठी सकाळी टाइप करून ट्रस्टला पाठवायचा आहे, नावानिशी.

मंगलाने कागद दोनदा वाचला. चौथ्या, १७ जूनच्या ओळीपाशी थोडी जास्त थांबली. घडी घालून दाखल्याच्या प्लास्टिकमध्ये ठेवला. बाबा म्हणाले, आत ये, चहा घे. ती म्हणाली, साडी इस्त्री करायची हाय.

"येतो गुरुजी," म्हणाली. मला काही म्हणाली नाही.